पाहुणेबुवांचं शुद्धलेखन

२ नोव्हेंबर

आईंना नमस्कार,

तुमच्या लेकीला प्लॅस्टर घालून उताणं झोपवलं, त्याला आज अठरा दिवस झाले. तुम्ही तिच्या उशाशी आहात म्हणून मी इथे निर्धास्त आहे, निदान मुलांसमोर तसा चेहरा करून फिरतो. वकीलबाई आता दहा वर्षांची झाली आणि रोज माझ्यावर नवा खटला भरते. सहा वर्षांचा ढब्बू तिचा साक्षीदार. दुपारी मी छापखान्यात असतो तेव्हा शेजारच्या शिक्षिकाबाई दोघांकडे बघतात.

तिला खाली दवाखान्याच्या ऑफिसातल्या फोनपर्यंत आणता येत नाही आणि तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून हा कागदी प्रपंच. कारण गंभीर आहे. हसू नका. आठ तारखेपासून शाळेला चौदा दिवसांची सुट्टी आहे आणि पाहुणेबुवा येणार आहेत.

तुम्ही हे सोंग पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या फाटलेल्या कोटाच्या बाहीत कापूस भरून तुमच्या लेकीने एक प्राणी केला. हत्ती म्हणावा तर कान नाहीत, उंट म्हणावा तर कुबड नाही. दर वर्षी या सुट्टीत तो आमच्याकडे मुक्कामाला येतो आणि रोज सकाळी नव्या जागी नवे चाळे करताना सापडतो. एकदा साखरेच्या बरणीत उलटा, एकदा पंख्याला लटकलेला. सोबत चिठ्ठी. मुलं त्या चौदा सकाळी अलार्मशिवाय उठतात. माझं काम एवढंच, की दात घासता घासता 'अरे वा' म्हणायचं. ते मी पाच वर्षं चोख केलं.

आता तिच्याशिवाय हे कसं करायचं ते मला अजिबात ठाऊक नाही. पाहुणेबुवा घरात कुठे दडवलेत तेही ठाऊक नाही. सगळी कपाटं पालथी घातली. काल ढब्बूने विचारलं, "आई नाही, तर पाहुणेबुवा येतील ना?" मी उत्तर द्यायच्या आत वकीलबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "बघू."

त्या 'बघू'ने माझी झोप उडाली आहे. तुमची लेक शिडीवरून पडल्यापासून घरातलं एकेक बंद पडत चाललंय. गाणी बंद, रविवारचं फिरणं बंद. हे मला बंद पडू द्यायचं नाही. तिला विचारून सगळं नीट कळवा.

तुमचा जावई


५ नोव्हेंबर

जावईबापू,

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. तुमची बायको इतकी हसली, की नर्स धावत आली आणि दम मला भरून गेली. प्लॅस्टरमध्ये हसायचं नसतं म्हणे.

तर ऐका. ती म्हणते, पाहुणेबुवा तिच्या रंगांच्या फळीवर, 'टर्पेंटाइन' लिहिलेल्या डब्यात आहेत. ती म्हणते, त्या डब्यात टर्पेंटाइन कधीच नव्हतं, पण तुम्ही वासाला नाक मुरडता, म्हणून तेवढा एक डबा उघडणार नाही याची तिला खात्री होती. ती म्हणते, रात्री जागत बसू नका, सकाळी पाचला उठा, मुलं साडेसहापर्यंत कूस बदलत नाहीत. पसारा असा करायचा की आवरायला दहा मिनिटांच्या वर लागू नयेत. तोही मुलांनीच आवरायचा. चिठ्ठीला बुट्टी मारायची नाही. ती म्हणते, चिठ्ठी नसेल तर ते नुसतं बाहुलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ती म्हणते, पाहुणेबुवा वाटेल ते चाळे करतात, पण खोटं कधी बोलत नाहीत. जाण्याच्या दिवशी ते मुलांच्या एका प्रश्नाचं उत्तर देतात आणि ते खरंच असायला लागतं. गेल्या वर्षी ढब्बूने त्याच्या माशाचं काय झालं ते विचारलं होतं. ती म्हणते, तेव्हा चार ओळी लिहिताना तिला घाम फुटला होता.

हे झालं तिचं. आता माझं मत. तुम्हाला हे जमणार नाही. राग मानू नका, मी तोंडावर बोलणारी बाई आहे. ती दुकानाच्या पाट्या रंगवायची आणि तुम्ही प्रूफं तपासणारे. 'कूलूप दूरुस्ति' अशी पाटी ती रंगवत होती, तेव्हा रस्त्यावरून "दोन शब्दांत तीन चुका" असं ओरडलात, ती तुमची पहिली भेट. पुढे तिने हौसेने स्वतःची लग्नपत्रिका रंगवली, तर तुम्ही दोनशे पत्रिकांवर लाल पेन्सिल घेऊन 'शूभविवाह'चा 'शु' करत बसलात. मी तेव्हाच घरात म्हटलं होतं, माणूस सज्जन आहे, पण कोरडा ठणठणीत. अशा माणसाने पंख्याला हत्ती टांगायचा? असो. प्रयत्न करा.

आई


१० नोव्हेंबर

आईंना नमस्कार,

तुम्ही म्हणाला होतात तेच झालं. पहिल्याच दिवशी पडलो तोंडावर.

आठ तारखेला पाचला उठलो. घरातले सगळे बूट आणि चपला एकीमागे एक लावून दारापासून न्हाणीघरापर्यंत आगगाडी केली, नाड्यांनी डबे जोडले आणि इंजिनात पाहुणेबुवांना बसवलं. खाली वाकून वाकून कंबर धरली, पण गाडी झकास झाली. चिठ्ठी लिहिली: 'मुलांनो, मी आलो आहे. तुमच्या बुटांची गाडी सुटायच्या आत उठा.'

ढब्बू किंचाळत आला. वकीलबाईने चिठ्ठी दोनदा वाचली, उजेडात धरली आणि म्हणाली, "हे पाहुणेबुवांनी लिहिलेलं नाही."

"कशावरून?"

"यात एकही चूक नाही. ते 'तूमच्या' लिहितात."

आई, मी तेवीस वर्षं चुका काढतोय. चूक नसल्याबद्दल आजवर मला कुणी पकडलं नव्हतं. ढब्बूचा चेहरा असा उतरला, की मला त्या आगगाडीखाली जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठरवून चुका केल्या. हाताला सवय नाही, पेन अडत होतं. पाहुणेबुवा पातेल्यात बसून दूध पितायत असं दृश्य केलं आणि लिहिलं, 'तूमचं दुध मी संपवलं.' वकीलबाईने नुसती मान हलवली. "पाहुणेबुवा 'दूध' बरोबर लिहितात. आणि 'मी' चुकवतात."

मग मी जुन्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. ढब्बूने त्या एका डब्यात जपून ठेवल्या आहेत, सत्तर आहेत. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्या घेऊन बसलो आणि मोठं प्रूफ तपासावं तशा तपासल्या. आई, तुमची लेक वाटेल तशी चुकत नाही. तिच्या चुकांना नियम आहे! शब्दाच्या सुरुवातीला उकार आला की तो कायम दीर्घ, शब्दाच्या शेवटी वेलांटी आली की ती कायम ऱ्हस्व. म्हणून 'दूध' आणि 'भूक' आपोआप बरोबर येतात. तिच्याशी लग्न करून बारा वर्षं झाली, रोज तिचं काही ना काही दुरुस्त केलं, आणि हा साधा नियम माझ्या लक्षात आला नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली. सत्तर चिठ्ठ्यांत एक चाळा दुसऱ्यांदा आलेला नाही. एका वर्षी तिला खोकला होता, एका वर्षी मोठ्या पाटीचं काम अंगावर होतं, ढब्बू तेव्हा दीड वर्षाचा होता. एकही सकाळ चुकलेली नाही. आणि मी शेजारच्या खोलीत घोरत होतो. तीन दिवसांत माझी कल्पनाशक्ती आटली, ती पाच वर्षं हे कशी करत राहिली? तिला सांगा, मी तिच्यापुढे हात टेकले.

आज सकाळची चिठ्ठी: 'मूलांनो, कूठे होतात? मि तूमचि वाट बघून दमलो.' वकीलबाईने ती वाचली, घडी घातली आणि डब्यात ठेवली. मला नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

प्लॅस्टर कधी काढणार ते कळवा.

तुमचा जावई


१२ नोव्हेंबर

जावईबापू,

पत्र पोचलं. तुम्ही चुका करायला शिकलात हे वाचून बरं वाटलं.

इकडे ठीक आहे. डॉक्टर समाधानी आहेत. प्लॅस्टरचं ते बघतील. तुम्ही काळजी करू नका, डॉक्टर समाधानी आहेत.

पाहुणेबुवांचं मात्र लिहीत राहा. रोज काय केलंत ते सगळं लिहा, कुठे बसवलं, काय नेसवलं, मुलं काय म्हणाली. जितकं बारीक लिहाल तितकं चांगलं.

आई


१५ नोव्हेंबर

आईंना नमस्कार,

तुम्ही सांगितलंत म्हणून बारीक लिहितो.

अकरा तारखेला पाहुणेबुवा माझी टाय लावून कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकले. बाराला त्यांनी चमच्यांची सभा घेतली. काटे मागे उभे, कारण ते टोचतात. तेराला त्यांनी माझा धंदा पळवला. लाल पेन्सिलीने चिठ्ठ्या करून अख्ख्या घराचं प्रूफ तपासलं. आरशावर: 'सगळं ऊलट छापलंय.' ढब्बूच्या शर्टावर: 'एक बटण गाळलं आहे.' रिकाम्या बिस्किटांच्या डब्यावर: 'मजकूर कूठे गेला?' माझ्या चपलांवर: 'जूना माल, पून्हा वापरू नये.' ढब्बू प्रत्येक चिठ्ठीसमोर उभा राहून अक्षर अक्षर लावत वाचत होता आणि हसून लोळत होता. वकीलबाईच्या उशीजवळ एकच चिठ्ठी ठेवली होती: 'इथे काहि बदलू नये. आहे तसंच राहू द्यावं.' ती तिने डब्यात टाकली नाही. कुठे ठेवली ते मला सापडलेलं नाही.

काल मात्र घात होता होता वाचला. मला जाग आली तीच साडेसहाला. पाहुणेबुवा अजून डब्यात आणि मुलांच्या खोलीतून आवाज येतोय. नशीब माझं, ढब्बूचा एक मोजा सापडत नव्हता. वकीलबाईने त्याला पलंगाखाली, गादीखाली, दप्तरात शोधायला लावलं. मोज्याशिवाय थंड फरशीवर जायचं नाही म्हणून हटून बसली. त्या दहा मिनिटांत मी पाहुणेबुवांना माझ्या पांघरुणात घुसवलं आणि चिठ्ठी खरडली, की आज मि झोपणार, ऊठवू नका. मोजा शेवटी वकीलबाईच्याच खिशात निघाला. काय धांदरट पोर आहे!

आता मुद्द्याचं. मुलांनी प्रश्न ठेवला आहे. पाहुणेबुवांच्या पायाशी काल संध्याकाळी कागद होता, अक्षर वकीलबाईचं, खाली ढब्बूची सही. 'आई चालेल का? खरं सांगा.'

एकवीस तारखेला सकाळी उत्तर द्यायचं आहे आणि मला ते माहीत नाही. इथून ऑफिसात फोन केला तर म्हणाले, पेशंट स्थिर आहे. स्थिर तर टेबलसुद्धा असतं.

आई, मी माणूस कोरडा असेन, पण वाचता मला येतं. तुमच्या पहिल्या पत्रात 'ती म्हणते' सहा वेळा आहे. दुसऱ्यात एकदाही नाही. 'डॉक्टर समाधानी आहेत' मात्र सहा ओळींत दोनदा. ती काही म्हणत का नाही? माझ्यापासून लपवलंत याचा राग नाही. पण पाहुणेबुवांना खोटं बोलता येत नाही, आणि या वर्षी पाहुणेबुवा मी आहे. काय असेल ते मला सांगा.

तुमचा जावई


१७ नोव्हेंबर

जावईबापू,

तुम्ही पकडलंत. बरं केलंत, मलाही ते ओझं एकटीला झेपत नव्हतं.

तुमचं दहा तारखेचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी तिच्या पाठीची दुसरी शस्त्रक्रिया झाली. आत पू झाला होता. नंतर पाच दिवस ताप. ती काही म्हणत नव्हती, कारण ती बोलतच नव्हती. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही मुलांना टाकून धावत आला असतात, नाहीतर तिथे बसून जीव जाळला असता. दोन्ही मला नको होतं. चुकलं असेल तर माफ करा.

त्या पाच दिवसांत मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवत होते. एकच पत्र, दिवसातून चार वेळा. मला दुसरं काय वाचता येणार? 'दूध' बरोबर येतं, त्या ओळीला तिचं बोट हलायचं. नर्स म्हणाली भास आहे. भास नव्हता. मी आई आहे तिची, मला दिसतं. काल सकाळी ताप उतरला आणि डोळे उघडून तिचे पहिले शब्द होते, "आज पाहुणेबुवांनी काय केलं?" तेवढ्यात तुमचं पत्र आलं. चमच्यांची सभा ऐकून वॉर्डातल्या आठ बायका हसल्या. वकीलबाईच्या उशीजवळच्या चिठ्ठीला ती रडली, आणि खरं सांगते, मीही.

आता तुमचं उत्तर. डॉक्टरांना मी समोर बसवून विचारलं, कागदावर लिहून घेतलं. ती चालेल. काठी लागेल. डावा पाय नीट उचलला जाणार नाही, अडखळेल. किती महिने, की कायमचंच, ते आज कुणालाच सांगता येत नाही. शिडीवर पुन्हा चढायचं नाही. हे शेवटचं ऐकून तिने बराच वेळ भिंतीकडे तोंड केलं. मग ती म्हणाली, मुलांना हे सगळं लिहा, एकही शब्द गाळू नका.

आणखी दोन गोष्टी. एक: दहा वर्षांची मुलगी भावाचा मोजा स्वतःच्या खिशात का ठेवेल, याचा जरा विचार करा. धांदरट कोण ते कळेल.

दुसरी: मी तुम्हाला कोरडा म्हटलं होतं. ते शब्द मी मागे घेते. तेवीस वर्षं जे डोळ्यांना खुपलं, ते तुम्ही रोज सकाळी स्वतःच्या हाताने लिहिताय. माझ्या लेकीने माणूस बरोबर निवडला. हे मी बारा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

आई


२२ नोव्हेंबर

आईंना नमस्कार,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. एकदा जिन्यात, एकदा न्हाणीघरात दार लावून, आणि मग पेन घेऊन. माफी कसली मागता? तिच्याजवळ तुम्ही होतात. तिला ते पत्र चार चार वेळा वाचून दाखवलंत, याचे उपकार मी कुठे ठेवू?

मोज्याचं मला खरंच कळलं नव्हतं. आता वकीलबाईकडे बघतो तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. मी काही बोललो नाही, तीही बोलत नाही. आमचं दोघांचं छान चाललंय.

काल सकाळी पाहुणेबुवांना जेवणाच्या टेबलावर नुसतं बसवलं. टाय नाही, पसारा नाही. चिठ्ठी अशी होती:

'मूलांनो, आई चालेल. काठि लागेल. डावा पाय अडखळेल. किति दिवस ते मला माहीत नाहि, डॉक्टरांना पण माहीत नाहि. ति शिडीवर पून्हा चढणार नाहि. मधे ति खूप आजारि होति, आता ताप नाहि. तिने डोळे ऊघडून आधि विचारलं, आज मि काय केलं.'

वकीलबाईने ती मोठ्याने वाचली, न थांबता, शेवटपर्यंत. ढब्बूने विचारलं, "अडखळेल म्हणजे कसं?" तिने दारामागची छत्री घेतली, काठीसारखी टेकवली आणि डावा पाय ओढत दारापासून स्वयंपाकघराकडे निघाली. ढब्बू मागे. पायपुसण्याच्या कडेला तिचा पाय अडला. तिने पायपुसणं उचलून बाजूला टाकलं आणि पुढे निघाली. कपाटाच्या कोपऱ्यापाशी थांबली. "आई इथे दमेल," म्हणाली. ढब्बू धावत गेला, खुर्ची ओढत आणली आणि तिथे ठेवली. ती बसली, उठली, पुन्हा निघाली. "इथेही." दुसरी खुर्ची.

आमच्या घरात चारच खुर्च्या. मग ढब्बू शेजारी शिक्षिकाबाईंकडे गेला आणि "आई येणार आहे, दोन खुर्च्या द्या" असं सांगून आला. बाईंनी दोन्ही स्वतः उचलून आणल्या, का ते विचारलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो. बाहेर आलो तेव्हा ढब्बू डावा पाय ओढत एकेका खुर्चीवर बसून बघत होता, की आईला ती उंच तर होणार नाही ना. एका खुर्चीवर त्याने माझी उशी ठेवली आहे. मी आता उशीशिवाय झोपतो.

आज छापखान्यात जाताना दोनदा खुर्चीला गुडघा आपटला. पण मी एकही हलवलेली नाही, हलवणारही नाही. तिला म्हणावं, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सहा खुर्च्या आहेत. सावकाश ये.

तुमचा जावई